टोकाचा बंगला आणि माझा स्लॅब

जव्हारला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी शिरपामाळ, मग दाभोशाचा धबधबा, आणि परत येताना टोकाच्या बंगल्यातली शाळा. बंगल्यापुढे सगळे थांबतात. कोणी म्हणतं, परदेशात आल्यासारखं वाटतं. कोणी म्हणतं, आपल्याला अशी शाळा मिळाली असती तर. मी शेजारी उभा राहून मान हलवतो. त्याच आवारात, बंगल्याच्या डाव्या हाताला, पिवळ्या रंगाची एक बैठी, लांब इमारत आहे. ती मी बांधली. ती कोणी बांधली असं आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. एकदा आमच्या व्याह्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं, पण त्यांना विचारायचं होतं की तिथे स्वच्छतागृह आहे का.

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. आता निवृत्त झालोय. बहुतेक सगळी नोकरी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत गेली. अभियंता म्हटलं की लोकांना वाटतं हा माणूस इमारती रचत असेल. आम्ही काही रचत नाही. नकाशा वरून येतो. खोली एवढी लांब, एवढी रुंद, पुढे ओटा, वर स्लॅब. समुद्राकाठी बांधा नाहीतर खोडाळ्याच्या डोंगरात बांधा, नकाशा तोच. आमचं काम म्हणजे तो नकाशा जमिनीवर उतरवायचा. जीप जिथे थांबते तिथून पुढे वाळू आणि सिमेंट डोक्यावरून न्यायचं, ठेकेदार खडीत माती मिसळत नाही ना ते बघायचं, आणि पावसाच्या आत स्लॅब टाकून मोकळं व्हायचं. स्लॅब टाकायला लागलं की मध्ये थांबता येत नाही. आणि टाकून झाला की त्याला तान्ह्या मुलासारखं जपावं लागतं. त्यावर मातीची आळी करून पाणी साठवून ठेवायचं, रोज. पाणी कमी पडलं तर सिमेंट भाजतं आणि पुढे आयुष्यभर गळतं.

वावर गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर असाच दोन खोल्यांचा स्लॅब टाकला होता. एप्रिलचा महिना, विहीर आटलेली. बायका झऱ्यावरून हंडे आणून स्लॅबवर ओतत होत्या, आमच्या मजुरीवर. त्यातली एक म्हातारी शिडीवर थांबून मला म्हणाली, "साहेब, तुमचे भितीला रोज पानी मिलं. आमचे पोरांला बी मिलं पाहिजे का नाय?" मी त्या संध्याकाळपासून अर्धे हंडे पाड्यावर द्यायला लावले आणि स्लॅबवर ओली पोती अंथरली. तो स्लॅब अजून गळत नाही. म्हातारीचं म्हणणं मात्र अजून डोक्यात गळतं.

अशा कितीतरी शाळा मी बांधल्या. सगळ्या एकसारख्या. एखाद्या गावात उतरलो की माझं मलाच आठवावं लागे, ही आपली की दुसऱ्या कोणाची. आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या माझ्या ताब्यात खात्यानं आणखी एक इमारत दिली होती, ती म्हणजे टोकाचा बंगला.

संस्थानी काळात मुंबईकडच्या एका लाकडाच्या ठेकेदारानं तो बांधला. जव्हारच्या रानातला साग तोडून तो श्रीमंत झाला आणि हवा खायला म्हणून इथे राहिला. पुढे घराण्यात कोणी उरलं नाही, बंगला शाळेला मिळाला. काळा घडीव दगड, उंच उतरतं छप्पर, एका कोपऱ्यात शंकूसारख्या टोपीचा बुरूज, छपराच्या कडेला लाकडाची कातीव झालर. खिडक्या आणि दारांवरच्या कमानी गोल नाहीत, वर टोकाला निमुळत्या होत जातात, जोडलेल्या हातांसारख्या. म्हणून टोकाचा बंगला. या शैलीला गॉथिक म्हणतात हे मला नोकरीत आल्यावर कळलं. बंगला मात्र त्याच्या फार आधीपासून माहीत होता.

मी मोखाड्याकडच्या पाड्यावरचा. घरची बोली वेगळी, पुस्तकातलं मराठी शाळेत शिकलो. राहायला आश्रमशाळा होती, पत्र्याची. पाऊस सुरू झाला की गुरुजी शिकवायचं थांबवत, कारण पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे. एकदा आम्हाला खेळांच्या स्पर्धेसाठी जव्हारला आणलं. पाऊस आला म्हणून सगळ्यांना टोकाच्या बंगल्यात नेलं. आत गेल्यावर बाहेरचा पाऊस एकदम लांब गेला. तिथली मुलं रंगीत काचांच्या खिडकीखाली बसून पाढे म्हणत होती आणि त्यांच्या वह्यांवर लाल-निळे डाग पडले होते. त्यातल्या एकानंही वर बघितलं नाही. त्यांना सवय होती. मला त्या मुलांचा जो राग आला, तो पुढे कोणाचाही आला नाही. पत्र्याखाली परत आल्यावर कितीतरी दिवस, वरचा पत्रा दिसू नये म्हणून, मी तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचो.

तर असा तो बंगला माझ्या ताब्यात आला. शाळेच्या मुख्याध्यापिका गावितबाई. उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा. मी दुरुस्तीला गेलो की बाई माझ्यामागून फिरायच्या, गुरांचा डॉक्टर गाय तपासायला आल्यावर घरधनीण उभी राहते तशा. छपराच्या दोन उतरणी जिथे मिळतात तिथल्या पन्हळीतून दर पावसाळ्यात पाणी यायचं. आम्ही डांबर ओतायचो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यायचं.

"साहेब, हळू," बाई माणसांना सांगायच्या. "झालरीला शिडी लागेल."

"बाई, झालर पडली तर पोरं शिकायची थांबणार नाहीत," मी एकदा म्हणालो.

"झालर पडली तर पोरं वर बघायची थांबतील," त्या म्हणाल्या.

या बाईंनी माझ्या एका इमारतीबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांची बदली मध्ये दोन वर्षं मोखाड्याला, मी बांधलेल्या शाळेत झाली होती. ती कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "चांगली आहे. गळत नाही." एवढंच.

मला चिडवणारी गोष्ट ही होती की बंगला नुसता देखणा नव्हता, त्याचं गणितही बरोबर होतं. गोल कमान अंगावरचं वजन दोन्ही बाजूंना ढकलते, त्यामुळे भिंती जाड ठेवाव्या लागतात. टोकाची कमान ते वजन जास्त सरळ खाली उतरवते, भिंतीला ढकलते कमी. म्हणून एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. छपराचा उतार कुठल्यातरी बर्फाळ देशातून आलेला, पण जव्हारचा पाऊस असा कोसळतो की तो उतार इथलाच वाटावा. आमच्या स्लॅबवर पाणी उभं राहतं, विचार करतं, आणि मग वाट शोधतं. बंगल्यावर त्याला विचार करायला वेळच मिळत नाही. मी हे सगळं ओळखून होतो आणि जेवढं ओळखत होतो तेवढा जास्त जळत होतो. त्या ठेकेदाराला आणि त्याच्या गवंड्यांना वरून नकाशा आला नव्हता.

मग एका जून महिन्यात वरच्या मजल्यावर, सातवीच्या वर्गात छपराचं एक लाकूड चुन्याच्या ढिगासकट खाली आलं. रविवार होता, वर्ग रिकामा होता. सोमवारी मी गेलो तर बाकावर केवढा तरी दगड-चुना पडलेला आणि गावितबाई दारात उभ्या. मी वर चढून बघितलं. पन्हळीखालची वाशांची टोकं हातानं कुस्करली जात होती. पायाखालच्या तुळयांचीही भिंतीत गेलेली टोकं ओली होती. मी इमारत रिकामी करायला सांगितली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, मुलांच्या डोक्यावर ते छप्पर ठेवणं शक्यच नव्हतं. पण खाली उतरताना माझ्या पायांत जो हलकेपणा होता तो मला अजून आठवतो. आता इथे मी बांधणार होतो.

नवीन इमारत मंजूर झाली, त्याच आवारात. त्या वेळचे आमचे उपअभियंता भले होते, त्यांच्या मागे लागून मी नकाशात बदल करून घेतले. ओटा रुंद केला, की पावसात पोरांना तिथे खेळता यावं. छत नेहमीपेक्षा उंच ठेवलं. पहिलीच्या वर्गाच्या खिडक्या खाली घेतल्या, बसलेल्या मुलाला बाहेरचं झाड दिसेल इतक्या. खिडक्यांच्या वरून सबंध इमारतीला सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवला, माणसाच्या कमरेला करदोडा असतो तसा, भूकंपाच्या धक्क्यात भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून. स्लॅब टाकला त्या दिवशी मी जेवलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझी इमारत लांबून ओळखू येणार होती.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. भाषणात म्हणाले, या ऐतिहासिक वास्तूच्या सावलीत आज एक नवीन इमारत उभी राहते आहे. फीत कापली माझ्या दारात. फोटो काढायची वेळ आली तेव्हा फोटोवाल्यानं सगळ्यांना फिरवून बंगल्याकडे पाठ करून उभं केलं. "मागे काहीतरी पाहिजे ना," तो म्हणाला.

शाळा माझ्या इमारतीत भरू लागली. पण मधली सुट्टी झाली की पोरं बंगल्याच्या पायऱ्यांवर. डबे तिथे, भांडणं तिथे, पाठांतर तिथे. बंगल्याला कुलूप होतं तरी. पुढच्या वर्षी चित्रांची काहीतरी स्पर्धा होती, विषय 'माझी शाळा'. गावितबाईंनी मला मुद्दाम बोलावून चित्रं दाखवली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. एकामागून एक कागद उलटत होत्या, आणि प्रत्येक कागदावर बुरूज, टोकाच्या खिडक्या, लाल-निळ्या काचा. पहिलीची मुलं, ज्यांनी बंगल्यात पाऊलही टाकलेलं नव्हतं, त्यांनीसुद्धा तोच काढला होता. ढिगाच्या तळाशी एकच चित्र माझ्या इमारतीचं निघालं. चौथीतली एक मुलगी. मी तिला बोलवायला सांगितलं.

"तू ही इमारत का काढलीस गं?" मी विचारलं.

ती आधी बाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोपी आहे. पट्टीनं होते."

गावितबाईंनी हसू दाबलं. मीही हसलो, पण घरी येईपर्यंतच.

अशी काही वर्षं गेली. दर पावसाळ्यात बंगला थोडा थोडा खचत होता. मी येता-जाता बघायचो. मला वाटायचं, आणखी थोडे पावसाळे, मग आपोआप निकाल लागेल.

तेवढ्यात मुंबईच्या एका विश्वस्त संस्थेनं बंगला दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली आणि त्यांच्याकडून केतकी आली. जुन्या इमारतींचं काम करणारी वास्तुविशारद, पुण्याची, माझ्या मुलीच्या वयाची. खात्यानं मला तिच्याबरोबर राहायला सांगितलं. मला वाटलं होतं, येईल, दोन दिवस फोटो काढेल, मोठमोठे शब्द बोलेल आणि जाईल. तिनं पहिला दिवस फक्त भिंतींना हात लावत फिरण्यात घालवला. पावसाळ्यात मुद्दाम येऊन छत्री घेऊन बाहेर उभी राहिली, पाणी कुठून कुठे जातं ते बघत.

तिसऱ्या भेटीत ती मला म्हणाली, "महाले सर, पन्हळीतलं डांबर काढायला हवं. ते पाणी थांबवत नाही, आत आलेलं पाणी बाहेर जायचं थांबवतं."

ते डांबर माझ्या आधीच्या माणसांनी ओतलं होतं आणि मीही. तिचं म्हणणं बरोबर होतं. तिनं उपहास केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं तो केला नाही. उलट मला विचारायची, जव्हारला पाऊस कुठल्या बाजूनं लागतो, इथली वाळू कुठली घ्यावी. मी सांगायचो ते नीट ऐकायची. आणि मग जे करायची ते मला सुचलं नसतं. कुजलेली तुळई आम्ही सबंध फेकून दिली असती. तिनं कुजलेलं टोक तेवढं कापलं आणि नवीन सागाचं टोक जुन्याला असं सांधलं की बोट फिरवलं तरी कळू नये. सिमेंटचा गिलावा उतरवला आणि चुन्याचा केला, कारण जुना दगड चुन्यातून श्वास घेतो, म्हणाली. चुना भिजत ठेवायला आवारात खड्डा केला, आणि शाळेतली पोरं रोज त्या खड्ड्याभोवती. माझ्या स्लॅबच्या वेळी त्यांना जवळ येऊ नका म्हणून ओरडावं लागलं नव्हतं. पोरं आलीच नव्हती.

गावितबाई तर तिच्या नादीच लागल्या. शाळा सुटल्यावर दोघी पायऱ्यांवर बसून बोलत. बाईंच्या घरून थालीपीठ यायचं. माझी आणि बाईंची ओळख केतकीच्या वयाइतकी जुनी होती, पण त्यांच्या घरचं थालीपीठ मी केतकीच्या डब्यातून खाल्लं.

मी घरी बायकोला म्हणालो, "ती पोरगी दोन वर्षांत निघून जाईल. तीस वर्षं मी इथे आहे."

सुमन भांडी लावत होती. म्हणाली, "मग तुम्हीपण लावा की भिंतींना हात. कोणी अडवलंय?"

काम संपत आलं तसा एक प्रश्न उभा राहिला. शाळा परत बंगल्यात न्यायची तर इमारत वापरायला योग्य आहे असा अभिप्राय आमच्या खात्यानं द्यायचा होता. म्हणजे मी. बंगला मीच रिकामा करायला लावला होता, आता तो उघडायचा की नाही तेही माझ्या सहीवर आलं. शाळा बंगल्यात गेली की माझी इमारत रिकामी पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. गावितबाईंनी फक्त विचारलं, "कधी येणार तपासायला?"

मी ठरवलं की लाकडाच्या मजल्याची वजन ठेवून चाचणी घ्यायची. ही चाचणी सोपी असते. वर्गात जास्तीत जास्त पोरं, बाकं, शिक्षक यांचं जेवढं वजन होईल त्यापेक्षा जास्त वजनाची वाळूची पोती मजल्यावर रचायची. खाली तुळईला घड्याळासारखी तबकडी लावायची. तुळई किती वाकते ते काटा सांगतो. पोती रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी उचलायची. काटा जवळजवळ मूळ जागी परत आला तर तुळई जिवंत. नाही आला तर तिच्यात दम नाही.

मजूर पोती वर नेत होते. मी खाली तबकडीसमोर बसलो होतो. केतकी माझ्या शेजारी उकिडवी. गावितबाई बाहेर, पायऱ्यांवर, पदर हातात धरून. काटा हळूहळू सरकत होता. ठरलेली पोती संपली तेव्हा तो नियमाच्या बराच आत होता.

"झाली, सर," वरून मुकादम म्हणाला.

"अजून ठेवा," मी म्हणालो.

नियमात ते बसत नव्हतं असं नाही, जास्त वजन ठेवायला कोणाची ना नसते. आणखी पोती गेली. वर लाकूड एकदा करकरलं. मी काट्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होतो, वाक. आता वाक. माझ्या इमारतीसाठी मी देवापुढे कधी इतकं मागितलं नव्हतं, जितकं त्या तुळईपुढे मागितलं. काटा थोडासा हलला आणि थांबला.

"अजून?" केतकीनं विचारलं.

मी म्हणालो, "पुरे."

दुसऱ्या दिवशी पोती उतरवली आणि काटा परत आला. अगदी सुरुवातीच्या रेघेच्या जवळ. मग मी बॅटरी घेऊन छपराच्या पोटात शिरलो. वासा न् वासा बघितला, ठोकून, टोचून. बुरुजाची टोपी जिथे मोठ्या छपराला मिळते तिथे मात्र थांबलो. दोन लाकडं नीट जुळत नव्हती. मधली फट झाकायला जुन्या सुतारानं एक पाचर ठोकली होती, ओबडधोबड, घाईत ठोकल्यासारखी. दुरुस्तीतली नव्हती, जुनीच.

"इथे त्यांचं माप चुकलंय," मी खाली ओरडून सांगितलं.

"हो," केतकीचा आवाज आला. "मी ती पाचर तशीच ठेवली. घट्ट आहे."

मी त्या पाचरीवर हात ठेवून थोडा वेळ तिथेच बसलो. म्हणजे त्यांचंही चुकत होतं, आणि तेही आमच्यासारखंच निभावून नेत होते. त्या अंधारात मला बंगल्याबद्दल पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं. खाली उतरून मी योग्य असल्याचा अभिप्राय लिहिला आणि सही केली. दुसरं काही लिहिता येत नव्हतं. गावितबाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि लगेच आत गेल्या, बाकं कुठे लावायची ते सांगायला.

शाळा परत गेली. माझ्या इमारतीला कुलूप लागलं. मग खिचडीचा तांदूळ तिथे ठेवू लागले. मग मोडकी बाकं. कोणाच्या तरी शेळ्या ओट्यावर बसू लागल्या, ओटा रुंद होता ना. मी निवृत्त झालो तेव्हा शाळेनं माझा सत्कार केला, बंगल्याच्या दिवाणखान्यात. नारळ, शाल, आणि चौकटीत बसवलेला मोठा फोटो. बंगल्याचा. फोटो खरोखर चांगला होता. सुमननं तो बैठकीत लावला. मी म्हणालो, आतल्या खोलीत लाव. ती म्हणाली, "का? छान आहे की."

एवढ्यावर गोष्ट संपायची, पण गेल्या दिवाळीनंतर गावितबाईंचा फोन आला. त्यांचीही निवृत्ती जवळ आली आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं वीटभट्टीवर, बांधकामांवर, ठाणे-भिवंडीकडे जातात, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. पोरांना बरोबर नेलं की शाळा बुडते. म्हणून पोरांसाठी तेवढ्या महिन्यांचं वसतिगृह सुरू करायचं ठरलं होतं. माझ्या इमारतीत. पाण्याच्या टाकीत पाणी चढत नव्हतं, तेवढं बघाल का, बाई म्हणाल्या.

मी गेलो. टाकीचं काही विशेष नव्हतं, नळीत हवा धरली होती. ओट्यावर माणसांची गर्दी होती, पेट्या, बोचकी. एक बाई मुलीचा हात धरून जरा लांब उभी होती. ती बंगल्याकडे बघत होती.

"तेच्यात ठेवतात का पोरांला?" तिनं मला विचारलं.

"नाही. शाळा तिथे. राहायचं इथे."

"मंग बरा," ती म्हणाली. "तो घर जुना झाला. रातचा भ्या वाटंल." मग ती माझ्या इमारतीच्या खांबापाशी आली आणि तळहातानं त्यावर दोनदा थाप मारली, बाजारात मडकं बघतात तशी. वर स्लॅबकडे बघितलं. "हा पक्का हाय. आमचा घरकुल झाला का असाच बांधायचा. पानी नाय ना गळं?"

"नाही गळत," मी म्हणालो. आणि मला राहवलं नाही. "मीच बांधलीय ही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी वाट बघत होतो.

"मंग तुमीच राहता का इथं, पोरांजवल?"

"नाही."

"मंग कोन राहतो रातीला?"

स्वयंपाकाच्या आणि देखरेखीच्या बाई किराणा आणायला गेल्या होत्या. रस्त्यावर जीप हॉर्न वाजवत होती, बाकीची माणसं चढून बसली होती. ती बाई पोरीचा हात सोडीना. मी म्हणालो, "त्या येईपर्यंत मी आहे. जा तू." ती गेली. पोरगी रडली नाही. मनीषा नाव, दुसरीतली.

पाच वाजता गावितबाईंनी बंगल्याचं दार ओढून कुलूप लावलं. अंधारलं तशा त्याच्या त्या सगळ्या देखण्या खिडक्या एकेक करून काळ्या झाल्या. माझ्याकडे दिवे लागले. खोटं कशाला बोलू, मी ते बघत उभा राहिलो, आणि मला गोड वाटलं.

पण आत गेलो तर पोरं बोचकी मांडीवर घेऊन बसलेली. मनीषानं बोचकं पुढे करून विचारलं, "आजा, हा कुठं टांगू?"

मी भिंती बघितल्या. एकही खुंटी नव्हती. नकाशा शाळेचा होता. शाळेत फळा लागतो, खुंटी कशाला. घरात आत शिरल्यावर माणूस सगळ्यात आधी काहीतरी अडकवायला जागा शोधतो, हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही त्याचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी, मोठे खिळे आणि लाकडाच्या पट्ट्या घेऊन गेलो. पोरांच्या हाताला लागतील अशा उंचीवर लावल्या. मग देखरेखीच्या बाईंचं सामान वर राहावं म्हणून एक पट्टी उंचावर लावायला स्टुलावर चढलो. पहिला खिळा वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. खिडक्यांवरून मीच फिरवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यावर आलो होतो. तिसरा असा वाकला की थेट माझ्याकडेच तोंड करून बसला. खाली मनीषा खिळ्यांचा डबा धरून उभी होती, ती खुदकन हसली.

"हा नाय शिरायचा, आजा," ती म्हणाली.

"नाही शिरायचा," मी म्हणालो, आणि चौथा खिळा मागितला.